कोपराचा कौल

टेनिसची रॅकेट घेताना आपण तिच्याकडे तीन गोष्टी मागतो. फटक्यात जोर हवा, चेंडू मनात धरलेल्या जागी पडायला हवा आणि खेळून घरी आल्यावर हात ठणकायला नको. तिन्ही मागण्या रास्त आहेत आणि त्या एकमेकींच्या आड येतात, हे या विषयावर लिहिणारे सगळेच सांगतात. मात्र या तीन गोष्टी सारख्या वेगाने कळत नाहीत, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जोर दहा फटक्यांत कळतो. नियंत्रण कळायला एखादा सेट जावा लागतो, तोही चार-चार असा अटीतटीला आलेला, कारण मोकळ्या मनाने मारलेले फटके कोणत्याही रॅकेटमधून आत पडतात. हाताचे म्हणणे तीन-चार आठवड्यांनी समोर येते आणि तोवर दुकानाची पावती कुठे ठेवली तेही आठवत नसते. रॅकेट निवडण्यातली खरी अडचण मला या वेळापत्रकात दिसते. जे सर्वांत आधी कळते त्यावर आपण भाळतो, आणि ज्याची किंमत सर्वांत जास्त काळ मोजावी लागते त्याचा निकाल सर्वांत शेवटी लागतो.

दुकानात तर दहा फटकेही मारायला मिळत नाहीत. मुंबईत धोबी तलावाच्या दुकानांमध्ये जा किंवा पुण्यात एखाद्या ओळखीच्या दुकानात, पद्धत तीच असते. रॅकेट भिंतीवरून उतरवून हातात दिली जाते, आपण ती दोन कपाटांमधल्या जागेत जपून फिरवतो, तळहाताने तारांवर थाप मारतो आणि 'हलकी आहे' एवढ्यावर समाधान मानतो. दुकानदारही तोच शब्द उचलून धरतो. 'हलकी आहे मॅडम, हाताला त्रास नाही व्हायचा.' हे वाक्य मी आजवर इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की त्याचा समाचार घेतल्याशिवाय पुढे जाणे मला जमणार नाही.

चेंडूचे वजन नियमाप्रमाणे ५६ ते ५९.४ ग्रॅम असते. तो तारांवर टेकतो तो जेमतेम चार-पाच सहस्रांश सेकंद. एवढ्या वेळात आपल्याला काहीच करता येत नाही. मूठ आवळण्याचा निरोपसुद्धा मेंदूकडून हातापर्यंत पोहोचत नाही. चेंडू आणि रॅकेट आपसात काय तो व्यवहार उरकतात आणि उरलेली बाकी हाताच्या नावे पडते. रॅकेटमध्ये पुरेसे वजन असेल तर आघाताने ती कमी मागे रेटली जाते, कमी वळते आणि कमी थरथरते. ती हलकी असेल तर तोच धक्का मनगटावरून कोपरापर्यंत चढतो. हलक्या हातोडीने मोठा खिळा ठोकताना मुठीला झिणझिण्या येतात, त्यांचे कारण हेच. त्यात पुन्हा हलक्या रॅकेटने चेंडू जोरात मारायचा तर ती अधिक वेगाने फिरवावी लागते, आणि खांदा व कंबर वळवण्याची सवय नसलेला माणूस तो वेग मनगटातून काढतो. म्हणजे ज्या सांध्याला जपायचे म्हणून हलकी रॅकेट घेतली, त्याच सांध्यावर दुप्पट काम येऊन पडते.

वजनाबद्दल बोलताना तराजूवरचा आकडा पुरत नाही. आज सर्वाधिक खपणाऱ्या रॅकेटचा साचा ठरल्यासारखा आहे: तारा नसताना ३०० ग्रॅम, तोंडाचा, म्हणजे तारा विणलेल्या भागाचा, आकार १०० चौरस इंच, सोळा उभ्या आणि एकोणीस आडव्या तारा. तारा घातल्या की त्यात पंधरा-अठरा ग्रॅमची भर पडते, मुठीवर गुंडाळायच्या ओव्हरग्रिपचे पाचेक ग्रॅम वेगळे. पण हातात धरून उभे राहिल्यावर जाणवणारे वजन आणि फिरवताना जाणवणारे वजन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याला 'स्विंगवेट' म्हणतात आणि ते वजन मुठीपासून किती दूर आहे यावर, तेही अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने, अवलंबून असते. रॅकेटच्या अगदी माथ्यावर तीन ग्रॅम शिशाची पट्टी चिकटवली तर स्विंगवेट साधारण दहा अंकांनी वाढते; तीच पट्टी तोंडाच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, विभागून लावली तर वाढ सहाच्या आसपास राहते; मुठीपाशी लावली तर वाढ जवळजवळ शून्य. बहुतेक रॅकेटचे स्विंगवेट तारांसकट ३०० ते ३४० च्या दरम्यान असते, म्हणजे तीन ग्रॅमची ती चिंधी त्या सगळ्या पल्ल्याचा चौथा हिस्सा एकटी व्यापते. आणि खूप हलक्या रॅकेटचे माथे मुद्दाम जड ठेवलेले असते, नाहीतर तिच्यात काहीच दम राहणार नाही. अशी रॅकेट दुकानात पिसागत वाटते आणि कोर्टावर उशिरा पोहोचते.

तर मग जितकी जड तितकी चांगली का? तसेही नाही. जड रॅकेट वेळेवर चेंडूपर्यंत आली नाही तर फटका शरीराच्या मागे लागतो, आणि मागे लागलेला एकहाती बॅकहँड हा कोपराचा सर्वांत जुना वैरी आहे. म्हणून मी स्वतःपुरता नियम केला आहे तो असा की तिसऱ्या सेटच्या शेवटीही जी वेळेवर फिरवता येईल, तेवढे वजन आपले. पहिल्या सेटमध्ये सगळ्याच रॅकेट वेळेवर फिरतात.

टेनिस एल्बो हे नाव मराठी घराघरांत पोहोचले ते क्रिकेटमुळे. २००४ मध्ये सचिन तेंडुलकरचा डावा कोपर दुखावला, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतल्या पहिल्या दोन कसोटींना तो मुकला आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात लंडनला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या काळात पानाच्या टपरीवरसुद्धा कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याची चर्चा चाले आणि दोष त्याच्या जड बॅटवर जाई. वजन म्हणजे कोपराला धोका, ही समजूत आपल्याकडे तेव्हापासून पक्की झाली असावी असा माझा कयास आहे. परंतु तीन पाउंडांहून जड बॅट आणि सव्वातीनशे ग्रॅमची रॅकेट यांना एक न्याय लावता येत नाही. बॅट उचलून धरण्याचाच ताण मोठा असतो. रॅकेट उचलण्याचा ताण नगण्य असतो, तिथे प्रश्न असतो तो आघात कोण सोसणार याचा.

दुखण्याची जागा मात्र एकच. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथल्या कंडरेला वारंवार ओढ बसून सूक्ष्म इजा होत राहते आणि ती भरून यायला सवड मिळत नाही. चहाची किटली उचलताना, कपडे पिळताना, दाराची मूठ फिरवताना कळ येते. खेळताना ती बऱ्याचदा येतही नाही, आणि म्हणूनच माणूस खेळत राहतो. या दुखण्याने डॉक्टरांकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात रॅकेट धरलेली नसते, सुतारकाम, शिवणकाम, संगणक, स्वयंपाक अशी त्यांची कारणे असतात. तरीही वैद्यकीय लिखाणात 'लॉन टेनिस एल्बो' हे नाव १८८३ मध्येच येऊन गेले आहे. ज्येष्ठ मंडळी लाकडी रॅकेटची आठवण काढून 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' म्हणतात, त्यांना हे साल सांगून मी बरेच वाद जिंकले आहेत.

अर्थात त्यांच्या म्हणण्यात तथ्य अगदीच नाही असे नव्हे. लाकडी रॅकेट पावणेचारशे-चारशे ग्रॅमची असे आणि चांगलीच लवचिक असे, म्हणजे आघात सोसण्याच्या बाबतीत तिच्याकडे दोन्ही गुण होते. तिचे तोंड मात्र ६५-७० चौरस इंचांचे, त्यामुळे चेंडू मध्यावर लागला नाही की ती मुठीत गर्रकन वळे. हॉवर्ड हेड या अमेरिकन अभियंत्याने, ज्याने आधी धातूच्या स्कीज बनवून नाव कमावले होते आणि ज्याचे स्वतःचे टेनिस बेताचे होते, हे वळणे कसे थांबवावे याचा विचार केला आणि तोंड रुंद केले. रुंदी वाढली की वळण्याला होणारा विरोध रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १९७६ मध्ये प्रिन्स कंपनीची ११० चौरस इंचांची रॅकेट बाजारात आली तेव्हा तिची थट्टा झाली. दोनच वर्षांनी सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर ती घेऊन यूएस ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचली तेव्हा थट्टा थांबली. १९८३ मध्ये यानिक नोआने फ्रेंच ओपन लाकडी रॅकेटने जिंकली, आणि पुरुष एकेरीतले लाकडाचे ते शेवटचे ग्रँड स्लॅम ठरले. हेडचे काम माझ्या मते हातावर केलेला मोठा उपकार आहे, कारण आपल्यासारख्यांचे निम्मे चेंडू मध्यावर लागतच नाहीत.

उपकाराची फेड पुढच्या दहा वर्षांत झाली. ग्रॅफाइट आले, चौकटी हलक्या झाल्या, आणि १९८७ मध्ये विल्सनच्या 'प्रोफाइल'पासून जाडजूड कडांच्या, अतिशय ताठ रॅकेटचे युग सुरू झाले. ताठ चौकटीत जोर का असतो, हे समजून घेण्यासारखे आहे. चेंडू आदळला की चौकट वाकते आणि मग सरळ होते. पण ती सरळ होईपर्यंत चेंडू तारांवरून निघून गेलेला असतो, त्यामुळे वाकण्यात गेलेली ऊर्जा चेंडूला परत मिळत नाही. चौकट जितकी कमी वाकेल तितकी ही गळती कमी. पण चेंडूच्या वाट्याची जी गळती थांबली, तिच्याबरोबर आघात लांबवून सौम्य करण्याची चौकटीची सवयही गेली. ताठपणा 'आरए' या अंकाने मोजतात. साठच्या खाली म्हणजे मऊ, सत्तरच्या आसपास म्हणजे ताठ. बाबोलाटची प्युअर ड्राइव्ह ही लोकप्रिय रॅकेट सत्तरच्या बाजूची, तर विल्सनने २०१९ मध्ये आणलेली क्लॅश पंचावन्नच्या बाजूची. एक हातात घेऊन दुसरी घेतली की पाच मिनिटांत फरक कळतो, आणि पाच मिनिटांच्या परीक्षेत पहिली बहुतेकदा जिंकते. तिच्यातून चेंडू आपोआप लांब जातो, आवाज छान येतो, समोरचा दचकतो. वीस वर्षांचा हात तिच्याबरोबर सुखाने नांदतो, हेही खरे. मी पन्नाशीच्या पुढच्या हाताबद्दल लिहिते आहे.

आता तारांकडे येते. चौकट कोणती घ्यावी यावर लोक महिनोन्महिने खल करतात आणि गटिंग, म्हणजे तारा घालण्याचे काम, कसे करायचे हे दुकानातल्या पोऱ्यावर सोडतात. माझ्या अनुभवाने हाताच्या सुखाचा मोठा वाटा तारांमध्ये असतो आणि पैशांच्या हिशेबाने तो सर्वांत स्वस्तात सुधारता येतो.

मी ज्यांच्याकडे गटिंग करते ते गृहस्थ हे काम अनेक वर्षे करत आले आहेत. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला आडव्या तारा ओढून ओढून घट्टा पडला आहे. त्यांचे काम पाहत बसणे मला आवडते. जुन्या तारा ते मधून कापायला सुरुवात करतात आणि बाहेरच्या बाजूला सरकत जातात, म्हणजे चौकटीवरचा ताण एका अंगाने सुटून ती तिरपी होत नाही. मग रॅकेट यंत्रावर आडवी बसवून सगळीकडून आवळली जाते. बारा मीटर तारेचे वेटोळे सुटते. उभ्या तारा आधी, मधल्या दोहोंपासून, एक डावीकडे एक उजवीकडे. त्यानंतर आडव्या, एकीखालून एक, एकीवरून एक, आणि ताण देण्याआधी प्रत्येक आडवी तार ते बोटांनी सरळ करून घेतात. एका ओळीत वीण चुकली तर ते काही न बोलता ती उसवतात. एकदा त्यांनी माझी रॅकेट हातात घेऊन तारांवर नख मारले, आवाज ऐकला आणि विचारले,

"ताई, मागच्या वेळी किती ओढलं होतं?"

"पंचावन्न पाउंड. काका, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की कंट्रोल येईल."

"म्हटलं असेन. पण तेव्हा तुमच्या कोपराला पट्टा नव्हता. ही कडक तार काढू, मऊ मल्टिफिलामेंट घालू आणि अठ्ठेचाळीसवर ठेवू. चार दिवस चेंडू लांब जातील, मग तुमचा हात समजून घेईल."

त्यांच्या या वाक्यांत बरेच भौतिकशास्त्र होते. टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून कडक जमिनीवर सोडला तर नियमाप्रमाणे तो १३५ ते १४७ सेंटिमीटरच उसळतो, म्हणजे आदळताना चपटा होण्यात तो आपली जवळजवळ पंचेचाळीस टक्के ऊर्जा वाया घालवतो. तारा मात्र दबल्या की आपल्याकडची बहुतेक ऊर्जा परत देतात. म्हणून तारा सैल ठेवल्या की चपटे होण्याचे काम चेंडूऐवजी तारा करतात आणि तेवढी ऊर्जा वाचते. यामुळे वेगात पडणारा फरक आपण समजतो त्यापेक्षा थोडाच असतो. चेंडू लांब पडतो त्याचे मुख्य कारण असे की तारा जास्त दबल्यामुळे तो किंचित उशिरा आणि किंचित वरच्या कोनात सुटतो. ही चूक डोळ्याला दिसते, आणि डोळ्याला दिसणारी चूक हात काही दिवसांत आपणहून दुरुस्त करतो. आवळलेल्या तारांचा त्रास डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो दुरुस्तही होत नाही.

कडक तार म्हणजे पॉलिएस्टर. १९९७ मध्ये गुस्ताव्हो कुएर्टनने लक्सिलॉनच्या पॉलिएस्टर तारांनी फ्रेंच ओपन जिंकली आणि सगळ्या जगाची वीण बदलली. या तारा गुळगुळीत असतात. फटक्याबरोबर उभ्या तारा बाजूला सरकतात आणि चेंडू तारांवर असतानाच परत जागेवर येतात, त्यामुळे चेंडूला जबरदस्त फिरकी मिळते. व्यावसायिक खेळाडू पूर्ण ताकदीने मारतो, चेंडू फिरकीमुळे आत पडतो, आणि पुढच्या सामन्याला तो ताज्या तारांची रॅकेट घेतो. आपण तीच तार घेतो ती ती तुटत नाही म्हणून. रीळ आणले की दोनशे मीटरमध्ये सोळा रॅकेट निघतात, क्लबातल्या चौघांनी वाटून घेतले की स्वस्त पडते, असा तो सुज्ञ व्यवहार असतो. परंतु पॉलिएस्टर ताण फार लवकर सोडते, पिशवीत पडून राहिली तरी सोडते, आणि ताण सोडल्यावर ती मऊ होण्याऐवजी निर्जीव होते. फिरकी गेलेली असते, कडकपणा तेवढा राहिलेला असतो. न तुटलेली तार चांगली तार असते, या समजुतीने आमच्या कोर्टावर जेवढे कोपर दुखावले असतील तेवढे कोणत्याही फटक्याने नसतील.

हाताला सर्वांत मानवते ती आतड्याची तात. ल्योंमध्ये पिएर बाबोलाने ती टेनिससाठी बनवायला सुरुवात केली ते १८७५ साल, म्हणजे लॉन टेनिसचा खेळ नुकताच मांडला जात होता. दीडशे वर्षांत रसायनशास्त्राला तिची बरोबरी साधलेली नाही, तिची लवचिकता आणि ताण टिकवून धरण्याची क्षमता आजही वरचढ आहे. पण ती महाग असते, दमट हवेत बिघडते, त्यामुळे मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात ती वापरणे म्हणजे पैसे पाण्यात. आणि ती आता गाईच्या आतड्यापासून बनते, एवढ्या कारणाने आमच्यापैकी काही जण तिला हात लावत नाहीत. शेकडो बारीक धाग्यांची मल्टिफिलामेंट हा या सगळ्यांतून निघणारा मधला मार्ग आहे. ती झिजून फुसफुशीत दिसू लागते आणि एक दिवस तुटते. तुटते हा तिचा गुण समजावा, कारण त्या निमित्ताने का होईना आपण नवे गटिंग करतो.

ताणाचा आकडा मात्र एका यंत्रावरचा दुसऱ्या यंत्रावर तसाच्या तसा नेता येत नाही. हाताने फिरवायच्या जुन्या यंत्रात ठरलेला ताण आला की ओढ थांबते आणि तार लगेच थोडी सैलावते; वीजेवरचे यंत्र तार पकडेपर्यंत ओढतच राहते. दोघांचे 'अठ्ठेचाळीस' वेगळे भरतात. म्हणून यंत्र आणि माणूस बदलू नये.

आता नियंत्रण. त्याबद्दल सरसकट सांगितले जाते की लहान तोंड, आवळ तारा, दाट वीण. आवळ तारांचा सल्ला मी वर बाजूला ठेवला आहे, कारण तिथे नियंत्रणाची किंमत थेट कोपर मोजतो. पीट सँप्रस ८५ चौरस इंचांच्या रॅकेटवर पंचाहत्तर पाउंडांच्या घरात ताण ठेवत असे, पण त्याच्या तारा अस्सल तातीच्या असत आणि तो सँप्रस होता. आपल्याला नियंत्रण दुसऱ्या वाटांनी मिळू शकते. वीण सोळा-एकोणीसऐवजी अठरा-वीस घेतली तर तारा कमी दबतात आणि चेंडू खालच्या, ठराविक कोनात सुटतो. वजन वाढवले तर मध्यावर न लागलेला चेंडूही रॅकेटला फारसा हलवत नाही. चौकट मऊ घेतली तर पूर्ण फटका मारूनही चेंडू आत राहतो, आणि पूर्ण मारलेला फटका अर्ध्यात रोखलेल्या फटक्यापेक्षा हाताला नेहमीच सोयीचा असतो. ही वाक्ये पुन्हा वाचली तर लक्षात येईल की वजन आणि मऊपणा ही दोन उत्तरे आधी कोपरासाठीही आली होती. तिन्ही गुण एकमेकांशी भांडतात असे म्हणतात खरे, पण नियंत्रण आणि हाताचे सुख हे बऱ्याच बाबतीत एकाच पक्षात असतात. भांडण असते ते जोराशी, आणि जोर ही गोष्ट रॅकेटखेरीज पायांतून, कमरेतून आणि चेंडू लवकर पाहण्यातूनही आणता येते. कोपर दुसरीकडून आणता येत नाही.

मोठ्या खेळाडूंनाही ही निवड सोपी जात नाही. रॉजर फेडरर २०१३ पर्यंत ९० चौरस इंचांच्या रॅकेटने खेळत होता. त्या उन्हाळ्यात हॅम्बुर्ग आणि गस्टाडच्या स्पर्धांत त्याने ९८ इंचांचा नमुना वापरून पाहिला, दोन्हीकडे हरला आणि जुन्या रॅकेटकडे परत आला. अनेकांनी तेवढ्यावर निकाल देऊन टाकला. त्याने २०१४ मध्ये मोठे तोंड पुन्हा हाती घेतले, ते ९७ इंचांवर स्थिरावले, आणि २०१७ मध्ये त्याच मापाच्या रॅकेटने तो ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन जिंकला. तिचे वजन, बरे का, तारांशिवाय ३४० ग्रॅम होते. दोन हरलेल्या स्पर्धांना त्याने निकाल मानले नाही, हे मला त्याच्या बॅकहँडइतकेच आवडते.

मुठीच्या मापाबद्दल थोडक्यात. रॅकेट धरल्यावर बोटांची टोके आणि तळव्याचा फुगीर भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली तर माप बरोबर आहे. माप लहान असेल तर रॅकेट फिरू नये म्हणून मूठ आवळावी लागते, आणि आवळलेली मूठ थरथर सरळ कोपराकडे पोहोचवते. दोन मापांमध्ये अडकलात तर लहान घ्या, वर ओव्हरग्रिप चढवता येते. मोठी मूठ तासून लहान करणे कटकटीचे असते. तारांमध्ये अडकवायच्या रबरी डॅम्पनरबद्दल त्याहून थोडक्यात: तो तारांची किणकिण थांबवतो, चौकटीच्या थरथरीवर त्याचा परिणाम होत नाही, कोपरावर तर नाहीच. कानाला बरे वाटते म्हणून मीही लावते.

राहिली परीक्षेची गोष्ट. रॅकेट आठवडाभर घरी नेऊन खेळू देणारी दुकाने आपल्याकडे मोजकीच आहेत, त्यामुळे क्लबातल्या मित्रमंडळींच्या रॅकेट उसन्या घेणे हाच राजमार्ग. त्यात तारा वेगळ्या, ताण वेगळा, कोणाचे गटिंग वर्षापूर्वीचे, म्हणजे आपण नेमके काय तपासतो आहोत हे धूसर असते. चेंडूही तपासावेत. सहा महिने टोपलीत पडलेल्या मेलेल्या चेंडूंवर कोणतीही रॅकेट वाईट ठरते, कारण चेंडू उसळत नाही आणि आपण बळ लावत राहतो. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी चेंडू मंद असतात आणि मे महिन्यात तेच उडतात. उसनी रॅकेट हातात आली की मी फोरहँड मारून पाहतच नाही. फोरहँड सगळ्यांचाच चांगला लागतो. नेटजवळ उभी राहून कोणाकडून तरी अंगावर जोरात व्हॉली मारून घेते आणि रॅकेट मुठीत किती डळमळते ते पाहते, मग मुद्दाम उशिरा पोहोचून बॅकहँड रिटर्न मारते. आमच्या क्लबाचे मार्कर, म्हणजे सभासदांबरोबर खेळायला नेमलेले खेळाडू, या कामी फार उपयोगी पडतात, त्यांना नेमके अंगावर मारता येते आणि त्यात त्यांना आनंदही मिळतो. आवडलेली रॅकेट मग तीन आठवडे मागून घेते. तेवढे दिवस रॅकेट देणारा मित्र मिळणे हे चांगली रॅकेट मिळण्यापेक्षा कठीण आहे, हे मान्य.

सध्या माझ्याकडे ९८ इंचांची, तारांशिवाय ३०५ ग्रॅमची, साठच्या थोड्या वरच्या ताठपणाची रॅकेट आहे, तिच्यात अठ्ठेचाळीस पाउंडांवर मल्टिफिलामेंट आहे आणि मुठीच्या वर काही ग्रॅम शिसे गुंडाळले आहे. पहिल्या दहा फटक्यांत ती मला मठ्ठ वाटली होती. आता तिची जोड घ्यायची आहे, आणि एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटमध्ये कारखान्यातूनच पाच-सात ग्रॅमचा फरक असू शकतो, तोलबिंदूही दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे असतो. म्हणून दुकानात जाताना मी स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक तराजू आणि फूटपट्टी पिशवीतून नेणार आहे, आणि असतील तेवढे नग काढून दाखवा म्हणणार आहे.